भुंगा वाजला की

माझा भाऊ मंगळवारी गेला. दुपारी सोलापुरातल्या सात रस्ता चौकात एका टेम्पोनं त्याच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. पोलिसांनी मला बोलावलं आणि त्याच्या खिशातल्या वस्तू माझ्या हातात दिल्या. पाकीट, रुमाल, किल्ल्या आणि डबी. डबी चालू होती.

"हा रिमोट कशाचा, मॅडम?" हवालदारानं विचारलं. सांगायचं तर बरंच सांगावं लागलं असतं, म्हणून मी नुसती मान हलवली. त्यानं कागदावर 'रिमोट' असं लिहून घेतलं.

तो रिमोट नव्हता. भाऊ नववीत आणि मी कॉलेजात असताना वडिलांच्या एका मित्राच्या मुलानं अमेरिकेहून आम्हा दोघांसाठी दोन यंत्रं आणली होती. तिकडच्या शाळकरी मुलांसाठी बनवलेली. तळहाताएवढी, निळी आणि जांभळी, वर बोटाएवढी अँटेना, खाली तांदळाएवढी बटणं. बटणं इतकी बारीक की ती दाबायला सोबत एक काडी यायची. घरात अजून मोबाइल आला नव्हता. ह्या डब्या तारेशिवाय एकमेकींना मजकूर पाठवायच्या, आमच्या घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत. दुसरी डबी टप्प्यात आली की पहिली आपणहून थरथरायची आणि समोरच्यानं घेतलेलं टोपणनाव पडद्यावर उमटायचं. भावानं 'शेंगा' हे नाव घेतलं होतं, कारण शेंगाचटणीशिवाय तो जेवत नसे.

पुढं दोनतीन वर्षांत त्या कंपनीनं डब्या काढणं बंद केलं. भावानं बंद केलं नाही.

वडील गेल्यावर घरात आई, भाऊ आणि मी एवढेच होतो. माझी डबी स्वयंपाकघराच्या फळीवर असायची. तिच्या थरथरण्यानं डाळीचे डबे वाजायचे, म्हणून आई तिला भुंगा म्हणायची. भाऊ भवानी पेठेत एका चादरीच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर काम करायचा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आला की भुंगा वाजायचा आणि पाठोपाठ एकच शब्द यायचा. मी तो वाचून दाखवायची.

"टाक म्हणतोय."

"न्हाय म्हनला तर काय उपाशी ठेवती का त्याला?" असं म्हणत आई थापलेली भाकरी तव्यावर टाकायची. गाडी लावून, हातपाय धुऊन तो पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. ताटातली भाकरी वाफेची असावी हा आईचा हट्ट, आणि तिच्या हट्टापुरता तरी भुंगा उपयोगाचा होता. पुढं मोबाइल आले, पण भाकरीचा निरोप डबीवरूनच यायचा. सेलही आईच बदलायची. भावानं तिला नीट शिकवून ठेवलं होतं, एकेक काढायचा आणि लगेच दुसरा घालायचा. दोन्ही एकदम काढले तर आतलं सगळं पुसतं, नावसुद्धा.

बाकी जगाला त्याचा उपयोग नव्हता. लग्नासाठी तो एक मुलगी पाहायला गेला, तेव्हा तिच्या मामानं विचारलं होतं, "पोरगा चाळिशीला आला, अजून खेळणं घेऊन फिरतोय व्हय?" भाऊ हसला होता. त्यानंतर तो कुणाला पाहायला गेला नाही.

त्याला माणसं मिळाली ती डबीवालीच. सोलापुरात पाचसहा जण होते, बाहेरगावचे फोनवरच्या ग्रुपवर होते. रविवारी सकाळी सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या हॉटेलात ते जमायचे. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं एकाच टेबलाभोवती बसून काडीनं बटणं दाबत एकमेकांना मजकूर पाठवायची. समोरासमोर बसून. त्यातला सर्वांत जवळचा मित्र विणकर घराण्यातला होता. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याकडे सोलापुरी मराठी, आणि आईला मावशी म्हणायचा.

भावाच्या जलदानाच्या विधीला हे सगळे डबीवाले पांढरे शर्ट घालून आले. भंतेजींचं वंदन चालू होतं, वाटीत पाण्याची धार पडत होती, आणि माझ्या पाठीमागे कुजबुज चालली होती.

"अँटेना ओरिजिनल हाय बे."

"बघितलं. काचेला चरापण नाही."

"एवढ्या धडकेत?"

"मग! त्या काळचा माल हाय तो."

डबी भावाच्या फोटोपुढे फुलांत ठेवली होती. ती आईनंच ठेवली होती.

कार्यक्रम संपल्यावर मित्र आईसमोर बसला, तिचे पाय धरून रडला. खरं रडला, हे मी पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, त्याची डबी मला द्या की. आठवण म्हणून जपतो." आईनं ती फुलांतून उचलून त्याच्या हातात दिली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

त्यांचा एक नियम होता, तो आम्हाला ठाऊक नव्हता. डबीवाला गेला की त्याची डबी बंद करायची नाही आणि त्याचं नाव पुसायचं नाही. वर्षभर एकेकानं महिनामहिना खिशात घालून गावातून फिरवायची. ह्याला ते 'नाव चालू ठेवणं' म्हणत. त्यांच्या लेखी तो मान होता.

काही आठवडे गेले. एका संध्याकाळी आई परातीत पीठ मळत होती, मी कांदा चिरत होते. फळीवरचे डबे वाजले.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला. मी उठून पडदा पाहिला. 'शेंगा'. आणि खाली, 'टाक'.

भाकरी फुगली. आईनं ताट घेतलं, कडेला चटणी वाढली, पाट मांडला आणि दाराकडे तोंड करून बसली. मी चपला न घालता गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पानपट्टीजवळ मित्र स्कूटरवर बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"पोचलं का, ताई?"

"कशासाठी केलंस हे?"

"मावशीला बरं वाटंल म्हणून की. एवढ्या वर्षांचा सेट हाय, अजून किचनपर्यंत रेंज मारतो बघा."

"ती ताट वाढून बसली आहे."

त्यानं डबी शर्टाच्या खिशात ठेवली. मग म्हणाला, "बघा ताई, त्याचं नाव हवेत राहिलं पाहिजे. नियम हाय आमचा. तुम्ही एवढी पुस्तकं वाचणारी माणसं, तुम्हाला तर कळायला पाहिजे की."

मी त्याला हे बंद कर म्हणाले. तो बरं म्हणाला, आणि त्यानं बंद केलंही. पण महिना बदलला, डबी दुसऱ्याच्या खिशात गेली. हा नवा माणूस रोज येऊ लागला. त्यानं एकदा पानपट्टीवरून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, आमच्या स्वयंपाकघराच्या उजेड असलेल्या खिडकीचा. गावोगावच्या डबीवाल्यांनी त्याखाली बदामाची आणि जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. कुणीतरी लिहिलं, 'आई अजून भाकरी टाकते. डोळे भरून आले.' मित्रानं तो व्हिडिओ घरी येऊन मला मोठ्या अभिमानानं दाखवला.

आई बोलत नव्हती. ती मुलाची वाट बघते आहे की तिचं डोकं फिरलं आहे, हे मला ओळखता येत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. भुंगा वाजायचा, ती एक भाकरी जास्त टाकायची. सकाळी मी ती गाईला घालायला उचलली की माझ्या हातातून काढून घ्यायची आणि दुरडीत ठेवायची. दुरडी भरत चालली. भाकऱ्या वाळून पत्र्यासारख्या झाल्या. आईची बहीण येऊन बघून गेली आणि जाताना मला दारात म्हणाली, "हिला बी त्याच्या मागं धाडती का काय?"

एका रविवारी सकाळी आईनं धुतलेलं लुगडं नेसलं, दुरडीतल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि म्हणाली, "चल. ती मान्सं बसत्यात तितं."

हॉटेलात सगळे होते. आम्हाला बघून उभे राहिले. मित्रानं खुर्ची पुसली. "मावशी! बसा की. च्या सांगतो."

"च्या नगं." आईनं टेबलावरच्या डब्या हातानं बाजूला सारल्या आणि फडकं सोडलं. "टाक म्हनून रोज सांगतंय, ते कोन?"

 ज्याच्या खिशात त्या महिन्यात डबी होती, त्यानं हात थोडा वर केला. वर्गात करतात तसा.

"तू मागितली, मी टाकली. खा."

तो हसला. "मावशी, मी नाश्ता करून..."

"माजं पोरगं उपाशी गेलं. त्या दिशी त्याची भाकरी टाकायची ऱ्हायली. तू खा."

त्यानं एक तुकडा मोडला. तो कडकन वाजला आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. तो चावू लागला. आईनं बाकीच्यांपुढे एकेक भाकरी ठेवली. "तुमी बी खावा. बदाम पाठवलं न्हवं?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मित्रानं चहात बुडवून खाल्ली. दुसऱ्या एकाच्या हिरडीतून रक्त आलं, त्यानं रुमाल लावला आणि तरी खाल्ली. एवढ्यात कुणीतरी ओशाळून म्हणालं, "चव चांगली हाय, मावशी."

"चव इचारली न्हाय."

त्यांच्यातला एकही उठून गेला नाही. मला वाटत होतं आता पुरे, पण ते बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि थोडंसं बरंही वाटत होतं.

मग आईनं हात पुढं केला. "आन हिकडं." त्या माणसानं भावाची डबी दिली. त्याला वाटलं, तिला नुसती हातात धरायची आहे. आईनं अंगठ्यानं मागचं झाकण सरकवलं.

मित्र ओरडला, "मावशी, एकेक! एकेक काढा! नाव जाईल!"

"गेलंय की," आई म्हणाली, आणि तिनं दोन्ही सेल एकदम काढले.

येताना रिक्षात भावाची रिकामी डबी तिच्या मांडीवर होती. घरी येऊन तिनं फळीवरची माझी डबी उतरवली. माझ्या डबीत शेवटचं आलेलं नाव साठून राहायचं. आई झोपली की मी ते बघायची. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

"ही राहू दे," मी म्हटलं.

आईनं फडकं उलगडून माझ्यापुढं धरलं. त्यात एक भाकरी उरली होती.

"तू बी खाती का?"

मी बाजूला सरले. तिनं सेल काढले.

त्यातला एक सेल आता भिंतीवरच्या घड्याळात आहे. दोन्ही डब्या फडताळात पिठाच्या डब्यामागे आहेत. आई संध्याकाळी दोनच भाकऱ्या करते.