शब्बाथचा दिवा आणि आत्याची शाल

खोबरेल तेलाची वात जळल्याचा वास आला की मी अजूनही आधी खिडकीकडे बघते.

एकाहत्तरच्या लढाईतला भिंगारमधला शुक्रवार. तिन्हीसांजेला आत्या आम्हा भावंडांना यरुशलेमची गोष्ट सांगत होती. पवित्र मंदिर पेटलं, तेव्हा देवदूतांनी पंख पसरून एक भिंत वाचवली. तेवढ्यात विमानहल्ल्याचा भोंगा वाजला.

बाहेरून कुणी ओरडलं, "बाई, दिवा इझवा! लई उजेड दिसतोय!"

शब्बाथचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या पवित्र विश्रांतीदिवसाचा, दिवा एकदा लावला की आम्ही विझवत नाही. आत्या उठली आणि दोन्ही हातांनी शाल ताणून खिडकीत उभी राहिली.

"ती भिंत पडली का गं?" मी कुजबुजले.

"नाही. अजून उभी आहे."

शाल हलत होती. देवदूतांचे पंख असेच हलत असतील, असं मला वाटलं. आज मी आत्याच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि शाल का हलत होती ते कळतं. तिचे हात कापत होते.