ठिणगीने अडवलेलं फाटक

वीजघरात तिला सगळे ठिणगी म्हणायचे. वेल्डर होती म्हणून, आणि जिभेला धार होती म्हणूनही. बॉयलरच्या पोटात वाकून शिरायचं, फाटलेली नळी जोडायची आणि घामाने निथळत बाहेर यायचं, हे तिचं काम. नवीन लागली तेव्हा एका फोरमनने विचारलं होतं, "बाईमाणसाला झेपेल का हे?" ती म्हणाली, "बॉयलरला विचारा. त्याने तक्रार केली तर सोडते." बॉयलरने कधी तक्रार केली नाही. पुढे तोच फोरमन अवघड जोड आला की तिलाच हाक मारायचा.

नवरा तिथेच राखेच्या खात्यात होता. राखेने त्याची छाती पोखरली. आता तो खिडकीपाशी उशीला टेकून बसायचा आणि जिना चढला की त्याला अर्धा तास बोलता यायचं नाही. दोरीवरचे कपडे काळे ठिपके घेऊनच घरात यायचे. म्हणूनच त्यांची मुलगी, शाळेत शिकवणारी, वीजघर बंद करा म्हणणाऱ्यांच्या मोर्चात पुढे असायची. आई वीजघरात आणि मुलगी वीजघरावरच्या मोर्चात, असं ते घर.

कोळसा बंद होणार, राख टाकायच्या मैदानावर सौर पॅनेल बसणार, हे पक्कं झालं त्या संध्याकाळी मुलगी हसतच घरी आली. आईचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"आई, तुला ती धुराची चिमणी हवी आहे की बाबांचा श्वास?"

ठिणगी भांडी घासत होती. मागे वळलीच नाही. "बाबांचा श्वास हवा आणि माझं कामही हवं. हे दोन प्रश्न एकमेकांना कोणी शिवले, ते शोधून काढ. मी नाही शिवले."

खिडकीपाशी बसलेला नवरा म्हणाला, "अगं, तिच्यावर कशाला चिडतेस? तिने काही तुझं काम काढून घेतलं नाही."

"चिडले नाही हो. विचारतेय."

आठवडाभरात मुख्य कचेरीतून एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून म्हणाले, "आम्ही कोणालाही वाऱ्यावर सोडणार नाही."

"मग उन्हात सोडणार का?" मागून ठिणगीने विचारलं. कॅन्टीन खदखदून हसलं. साहेबही हसले, पण घाम पुसत.

मग कळलं की नव्या कामावर बाहेरचा ठेकेदार त्याची माणसं आणणार. जुन्यांसाठी झाडांना पाणी घालणं आणि फाटकावर पहारा. तेही काही जणांनाच, तेही वर्षभर. कोपराला लावलेला गूळ. चाटायला जीभ पोचत नाही.

युनियनच्या पुढाऱ्याने सभा बोलावली. टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला, "एकच मागणी. कोळसा चालू ठेवा." टाळ्या पडल्या. ठिणगी उभी राहिली तशा त्या थांबल्या.

"मी नाही मागणार," ती म्हणाली. "कोळसा उगाळावा तितका काळाच. माझ्या घरी येऊन बघा, माझा माणूस कसा झोपतो ते. झोपतच नाही, बसून रात्र काढतो. ही चिमणी विझली तर मी रडणार नाही. पण तिच्याबरोबर मला विझवायला निघालेत, ते मी होऊ देणार नाही. मैदानावर लोखंडी सांगाडे उभे राहणार ना? वीज साठवायच्या बॅटरीघराचं छप्पर लोखंडाचंच ना? मग ते आपण का जोडायचं नाही?"

"म्हणजे तू साहेबांच्या बाजूची," पुढारी म्हणाला.

"मी माझ्या हातांच्या बाजूची. तुम्हाला यायचं तर या."

सगळे आले नाहीत. तिच्या खात्यातले डागडुजीवाले आले, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरचे आले, राखेवाले आले. लोखंड घेऊन पहिला ट्रक आला तेव्हा ते फाटकात बसलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यात मुलगीही येऊन बसली, तिच्या मोर्चातल्या चार मैत्रिणींना घेऊन. साहेबांना तेच जास्त खुपलं. ते ठिणगीजवळ येऊन म्हणाले, "ताई, शिकलेल्या मुलीची आई तुम्ही. पर्यावरणाच्या कामाच्या आड येता?"

"साहेब, तुमचं पर्यावरण पुस्तकात होतं तेव्हा ते माझ्या नवऱ्याच्या छातीत होतं. धूर आम्ही गिळला. आता हवा स्वच्छ होणार तर आम्हालाच बाहेर काढता?"

ते तिला बाजूला घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, तुमच्यासारखी वेल्डर आम्हाला हवीच आहे, उद्यापासून या, फक्त ही मंडळी उठवा. घरातलं औषधांचं कपाट ठिणगीच्या डोळ्यांपुढून गेलं, हे खोटं नाही. मग ती परत फाटकात आली आणि जे कानात सांगितलं होतं ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. साहेब गाडीत बसून निघून गेले.

ट्रक रस्त्यावर उभे राहिले, ठेकेदार ओरडायला लागला, वर्तमानपत्रवाले आले. शेवटी कंपनी नमली, पण अर्धीच. डागडुजी आणि राखेच्या खात्यातल्यांना नव्या कामाचं शिक्षण आणि कायम नोकरी. पट्ट्यावरच्यांचा विचार नंतर करू.

त्या रात्री ठिणगीला आनंद झाला आणि लाजही वाटली. नवरा म्हणाला, "मिळालंय ते घे. उपाशी राहून दुसऱ्याची लढाई लढता येत नाही."

तिने घेतलं. राखेच्या मैदानावर ती आता सांगाडे जोडते. उन्हाने पाठ भाजते, पण नाकाला बांधलेला रुमाल संध्याकाळी पांढराच असतो. पहिल्यांदा तो तसा निघाला तेव्हा तिने तो नवऱ्याला दाखवला होता. तो रुमाल त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला.

पट्ट्यावरची माणसं अजून फाटकात बसतात. सुट्टीच्या दिवशी ठिणगी कंपनीचं नवं जाकीट घालून त्यांच्यात जाऊन बसते. परवा साहेबांची गाडी थांबली. काच खाली करून त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला तर काम मिळालं. आता इथे काय?"

"मिळालं ना," ती म्हणाली. "म्हणून तर बसायला ताकद आहे."

आणि तिने शेजारच्या पट्ट्यावरच्या माणसाला जरा फाटकाच्या मध्याकडे सरकायला सांगितलं, कारण गाडीला आत जायला अजून जागा उरली होती.