दिवेआगरच्या ओटीवर आफ्रिका

तारीख २४ डिसेंबर १९५६, सोमवार. पैज रुपये पाच. हजर मी, सौ. आणि साक्षीला शेजारचे दामूअण्णा.

पैजेची कलमे दोन. नाताळच्या सुट्टीत दिवेआगरला मेहुण्याकडे जाऊन परत येईपर्यंत मी वर्तमानपत्राला हात लावायचा नाही, आणि कोणी विचारल्याशिवाय राजकारणावर एक अक्षर बोलायचे नाही. "कोणी विचारल्याशिवाय" हे शब्द मी मुद्दाम घालून घेतले. कलम करायचे तर नीट करावे. पैजेचे कारणही नमूद करतो. या दिवाळीत सौ. करंज्या तळत असताना मी तिला सुएझ कालव्याचा प्रश्न समजावून देत होतो, आणि तिचा अख्खा घाणा करपला. इंग्लंडच्या पंतप्रधानांचे काय चुकले ते मला तेव्हाही पटवून देता आले असते, पण ऐकायला कोणी उरले नव्हते.

"चार दिवसांचे पेपर मी जपून ठेवतो," दामूअण्णा म्हणाले. "पण पाच रुपये मात्र वहिनींनी आत्ताच जमेला धरायला हरकत नाही."

मंगळवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली. समुद्र शांत होता, ऊन कोवळे होते आणि माझी खरी परीक्षा तासाभरातच सुरू झाली. आमच्या पलीकडच्या वळकटीवर दोन गृहस्थ बसले होते.

"कालवा बंद म्हणजे रॉकेल महागणार," एक म्हणाला.

"छट्! तो कालवा तुर्कस्तानात. आपल्याला काय त्याचं?"

मी उठलो आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलो. मागून सौ.चा आवाज आला, "काय हो, बोट लागली का?"

"नाही. हवा बरी आहे."

"मग लाडू खा. तोंड गुंतलेलं बरं."

मी लाडू खाल्ला. तोवर त्या गृहस्थांनी द्वैभाषिक राज्याचाही निकाल लावून टाकला होता, आणि तोही चुकीचा. मी दुसरा लाडू मागितला.

दुपारनंतर जंजिऱ्याचा काळा तट पाण्यातून वर येताना दिसला आणि बोट दिघीसमोर थांबली. येथे पडावात (बोटीवरून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या मोठ्या होडीत) उतरावे लागते. खालच्या खलाशाने सौ.ला हाताला धरून अलगद घेतले. मला मात्र "मारा उडी, साहेब!" एवढेच सांगितले. माझी एक वहाण समुद्राला गेली. उरलेली मी पिशवीत ठेवली, कारण एक वहाण टाकून देणे मनाला पटत नाही.

बापू, म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, बैलगाडी घेऊन आला होता. बोर्लीवरून रस्ता जातो. दिवेआगरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून पांढऱ्या वाळूची पायवाट आणि कोठून तरी केवड्याचा वास. रात्री डाळिंब्यांची (सोललेल्या वालांची) उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मी पाच वाट्या कढी प्यालो. बापूच्या घरी पेपर येतच नाही. त्यामुळे पहिले कलम आपोआप पाळले जात होते.

बुधवारी सकाळी मी ओटीवर बसून रहाटाचा आवाज ऐकत होतो. तेवढ्यात बोर्लीची अमीनाबी आली, बरोबर तिचा भाऊ इब्राहिम. तिच्या मुलीचा, झुबेदाचा, निकाह जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी ठरला होता. लग्नाची सुपारी बापूच्या वाडीतून जायची होती. रोठा (इकडची टपोरी सुपारी) पोत्यात भरूनही ठेवली होती.

"बापूभाऊ, सुपारी कुनाला दुसऱ्याला देऊन टाका," ती म्हणाली. "निकाह होत न्हाय."

बापू दचकला. "का? काय झालं?"

इब्राहिमने सांगितले. झुबेदाचे वडील दाऊद सारंग (खलाशांचे मुकादम) विलायतेच्या मालबोटीवर; बोटीचे नावही त्याने सांगितले. एरवी तिकडून सुटल्यावर महिन्याभरात बोट मुंबईला लागते. आता दीड महिना झाला, बातमी नाही. नवरामुलगाही खलाशी, त्याची बोट जानेवारीअखेर सुटणार, ती दोन वर्षांसाठी. त्याची माणसे म्हणतात, ठरल्या दिवशी निकाह लावा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो.

"मग लावा ना ठरल्या दिवशी," बापू म्हणाला. "मामा आहे की उभा राहायला."

"कालव्यात बोटी बुडवल्या म्हनतात," अमीनाबी म्हणाली. "झुबेदाचा बा जिता हाय का न्हाय, ते ठाव नसता पोरीला हलद कशी लावू?"

मी सौ.कडे पाहिले. ती दारात उभी होती. मग अमीनाबी माझ्याकडे वळली.

"तुमी मुंबयचे. रोज पेपर वाचता, बापूभाऊ सांगतो. तुमीच सांगा, त्या कालव्यात काय झालं?"

"पेपरवाले काय," इब्राहिम म्हणाला, "आज मारतात, उद्या जिवंत करतात."

पण मला विचारले गेले होते. मी बापूकडून एक नारळ आणि मूठभर सुपारी मागून घेतली. शेणाने सारवलेल्या ओटीवर नारळ ठेवला: ही आफ्रिका. वर एक सुपारी विलायतेची, उजवीकडे एक मुंबईची. नारळाच्या शेंडीशी बोटाने रेघ ओढली: हा कालवा.

"सारंगांचं शेवटचं पत्र कधी आलं?"

"तुलशीच्या लग्नानंतर. दोन-तीन दिसांनी. मास्तरांनी वाचून दावलं. उद्या बोट सुटते, असं व्हतं त्यात."

"विमानाचं पत्र?"

"व्हय. आठ-धा दीस लागतात."

"मग ऐका. कालवा दिवाळीतच बंद झाला. सारंगांची बोट त्यानंतर सुटली. बंद दारात कोणी शिरत नाही. त्या कालव्यात तुमचे यजमान नाहीत, एवढं मी खात्रीने सांगतो."

मी विलायतेहून एक सुपारी उचलली आणि नारळाच्या डाव्या अंगाने खाली, बुडाला वळसा घालून उजवीकडे वर आणून मुंबईच्या सुपारीच्या जरा अलीकडे ठेवली. कालव्याची वाट सहा हजार मैलांची, ही जवळजवळ अकरा हजारांची. मालबोट दिवसाला अडीचशे मैल चालते. शिवाय सगळ्या जगाच्या बोटी आता याच वाटेला लागलेल्या, तेव्हा बंदरांत कोळशा-पाण्यासाठी रांगा. "जानेवारीचा पहिला पंधरवडा धरा. वादळवाऱ्याची हमी माझ्याकडे नाही. पण उशीर झाला म्हणून भ्यायचं कारण नाही. उशीर व्हायलाच हवा."

अमीनाबी खाली वाकून ती सुपारी पाहत राहिली. "आज हितं असंल?"

"साधारण तिथेच."

तिने सुपारी उचलली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि उठली. "बापूभाऊ, पोतं राहू द्या. तारीख तीच."

"अगं, पण न्हाय आला तर?" इब्राहिम म्हणाला.

"तू हिशेब ऐकलास का न्हाय?"

येथे मी थांबलो असतो तर पैज जिंकलो असतो. पण बैठक रंगली होती. मुळात इंग्लंडने सैन्य पाठवायलाच नको होते, हे मी बापूला आणि इब्राहिमला सांगू लागलो. तेथून अमेरिकेवर, अमेरिकेवरून दिल्लीवर आणि दिल्लीवरून मुंबईच्या प्रश्नावर आलो. अमीनाबी केव्हा गेली ते मला कळले नाही.

"हे कोणी विचारलं होतं?" सौ.ने दारातूनच विचारले.

मी मागे वळून पाहिले. कोणीच विचारले नव्हते.

"भावोजी, गेले पाच!" बापू म्हणाला.

शुक्रवारी परत निघालो. बोर्लीवरून गाडी जाताना अमीनाबीच्या अंगणात मंडपासाठी बांबू उतरवत होते. जगातल्या पंतप्रधानांना मी रोज सल्ला देतो, तो कोणी घेत नाही, म्हणून निर्धास्त असतो. हा सल्ला घेतला गेला होता. मी गाडीत बसल्या बसल्या गणित पुन्हा केले. ते बरोबर होते.

घरी आल्यावर दामूअण्णांसमक्ष पाच रुपये सौ.च्या हातात दिले. नंतर साठवलेले पेपर घेतले, आणि वीस वर्षांत प्रथमच पहिले पान सोडून आतल्या पानावरचा बोटींचा रकाना काढला. बारीक टाइपात कोणती बोट आली, कोणती गेली, कोणती येणार, एवढेच त्यात असते. आजवर मी तो कधी वाचला नव्हता. आता रोज चहाआधी तो वाचू लागलो. नवे वर्ष लागले. एक आठवडा गेला. सौ.ही चहा ठेवता ठेवता विचारू लागली, "आहे का?"

नऊ जानेवारीला, येणाऱ्या बोटींत सहाव्या ओळीवर, सारंगांच्या बोटीचे नाव होते. शुक्रवारी अपेक्षित.

सौ.ने डब्यातून ती पाचाची नोट काढून माझ्यापुढे धरली. "तार करून या. आणि बाकीचं जग तिथल्या कारकुनाला समजावत बसू नका."

बापूचे पत्र महिनाअखेर आले. सारंग निकाहाच्या चार दिवस आधी घरी पोचले. सुपारी पोचती झाली. अमीनाबी एक सुपारी परत द्यायला मुद्दाम दिवेआगरपर्यंत आली होती. "भावजींना सांगा, बोट लागली," एवढे म्हणून ती बापूच्या पोत्यात टाकून गेली.

पैजेच्या पाच रुपयांचा जमाखर्च असा. तारेचे एक रुपया दोन आणे पोस्टात भरले. उरलेले तीन रुपये चौदा आणे सौ.ला परत दिले, ते तिने मोजून घेतले.