टोमॅटोच्या राणीकडे आलेली पाहुणी

पोकुआ अमांकवाला कुणी तिचा धंदा विचारला तर ती म्हणायची, "मी दारं उघडून देते." परदेशातली एखादी कंपनी घानात, सेनेगलमध्ये, नाहीतर समुद्रापलीकडे जमैका-बार्बाडोसला माल विकायला निघाली, की आधी अक्रातल्या पोकुआच्या ऑफिसची पायरी चढायची. कुणाला आधी भेटायचं, कुठे तोंड मिटून बसायचं, कुठला शिक्का कुठून मिळतो, हे सगळं ती शिकवायची आणि त्याची चांगली फी घ्यायची. बाई हुशारच. जमैकात एका साबणवाल्या कंपनीला तिने दुकानदारांकडे न्यायच्या आधी चर्चच्या बायकांकडे नेलं, आणि साबण असा खपला की विचारू नका. उगाच नाव झालं नाही तिचं.

पण ही अक्कल तिला आली कुठून, ते मात्र ती सांगायची नाही. ती आली घानातल्याच कुमासी शहराच्या मोठ्या बाजारातून, टोमॅटोच्या खोक्यांमधून. पोकुआला जन्म देऊन तिची आई गेली. मग मावशीने, बिरागोने, तिला पाठीशी बांधलं आणि तशीच बाजारात नेली. मी मावशी म्हणते ते आपलं तुम्हाला कळावं म्हणून. आम्हा अशांती जमातीच्या लोकांत आईच्या बहिणीला आईच म्हणतात, आणि पोकुआही बिरागोला आईच म्हणायची. रिकाम्या खोक्यात झोपून, गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकत पोर मोठी झाली. बिरागोने तिला केप कोस्टच्या बोर्डिंगात घातलं, पुढे विलायतेला पाठवलं. स्वतः मात्र बाजार सोडला नाही. पुढे बाजारातल्या बायकांनी बिरागोलाच टोमॅटोची राणी केलं. आमच्याकडे प्रत्येक मालाची एक राणी असते. रताळ्याची वेगळी, माशांची वेगळी. तिने मान हलवल्याशिवाय लॉरीवरून एक खोकं खाली उतरत नाही.

आता डेन्मार्कची एक कंपनी आली. यांना लाकडी खोक्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट खपवायचे होते. म्हणजे राणीकडे जाणं आलं. पोकुआने आपल्या हाताखालच्या माणसाला पाठवायचं ठरवलं होतं, पण कंपनीचा साहेब टॉर्बेन ऐकेना. "तू नसशील तर आम्ही आंधळेच," तो म्हणाला. पोकुआ हसली खरी, पण तिला जायचं नव्हतं.

कारण अक्रात एकदा जेवताना टॉर्बेनने सहज विचारलं होतं, तुझी आई काय करायची? आणि पोकुआच्या तोंडून निघून गेलं होतं, "शाळेत मुख्याध्यापिका होती." का म्हणाली? देव जाणे. समोर पांढरेशुभ्र रुमाल होते, काटे-चमचे होते, आणि खोक्यांवर बसून ओरडणारी बाई त्या टेबलावर आणायला तिची जीभ वळली नाही. शिवाय कंपनीला दिलेल्या अहवालात तिनेच लिहिलं होतं की बाजारातल्या या राण्या म्हणजे सगळ्यात मोठा अडथळा. कुमासीच्या वाटेवर ती स्वतःला समजावत होती की करारात नात्यातली माणसं वापरू नयेत असं कलम आहे, तेव्हा नातं न सांगणंच बरं. बहाणा, दुसरं काय! कलम पाळायचं असतं तर आधीच सांगून मोकळी झाली असती.

गाडीत तिने दोघांना, टॉर्बेनला आणि त्याच्या इंजिनियरला, सगळं पढवलं. हात उजवा पुढे करायचा. पायावर पाय टाकायचा नाही. भेटीची जिनची बाटली आधी राणीच्या बोलक्याच्या हातात द्यायची, राणीच्या नाही. राणी पाहुण्यांशी थेट बोलत नाही, तिचा बोलका बोलतो. बिचारे शाळेतल्या पोरांसारखे माना डोलावत होते.

राणी बाजाराच्या मधोमध, पत्र्याच्या छपराखाली बसली होती. भोवती आठवड्याचा माल, चिलटं आणि पंधरा-वीस बायका. पोकुआ दिसली आणि बिरागोचा चेहरा असा खुलला की काय सांगू! गुडघे दुखतात तिचे, तरी स्टुलावर हात टेकून अर्धी उठली, दोन्ही हात पसरले. "अगं माझी..."

आणि पोकुआने एक हात पुढे केला. उजवा. इंग्रजीत म्हणाली, "नमस्कार मॅडम. मी पोकुआ अमांकवा, सल्लागार. हे आमचे पाहुणे."

बिरागोने त्या हाताकडे पाहिलं. मग टॉर्बेनकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. पसरलेले हात तिने हळूच मागे घेतले, खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि खाली बसली. पोकुआचा हात तिने धरला, जसा कुणाही परक्याचा धरावा तसा, आणि सोडला.

"क्वार्तेंग," ती बोलक्याला म्हणाली, "पाहुण्यांना पाणी दे."

क्वार्तेंगमामा म्हणजे पूर्वीचा हमाल. पोकुआला खांद्यावर बसवून त्याने सारा बाजार फिरवला होता. पाण्याचं तबक त्याने आधी तिच्यापुढे धरलं. घरच्या माणसाशी बोलक्यामार्फत कुणी बोलत नाही, हे त्यालाही ठाऊक आणि तिलाही.

मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. "अगं बाई, ही आपली पोकुआच ना? का तिचं भूत?"

"गप गं. साहेबीण झालीय ती आता. आपल्या अंगाला वास येतो टोमॅटोचा."

"हिची नाकं पुसली मी या हातांनी!"

"काय म्हणतात त्या?" टॉर्बेनने हळूच विचारलं.

"मालाच्या भावाचं बोलतायत," पोकुआ म्हणाली. कानशिलं तापली होती तिची. वाटत होतं, आत्ता या क्षणी बोलावं, ही माझी आई, हिनेच मला वाढवलं. तीन-चार शब्दांचं तर काम. पण तिने अहवालाचं पान आठवलं, ते जेवण आठवलं, आणि ओठ घट्ट मिटले.

मग रीतीप्रमाणे हालहवाल झाली. बाटली दिली गेली, क्रेट दाखवले गेले. इंजिनियरने क्रेटवर उभं राहून तो मोडत नाही हे दाखवलं तेव्हा बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "याला इथेच ठेवून घ्या, वजनाला बरा आहे." बिरागोही हसली. पण पोकुआकडे तिने पाहिलंच नाही.

शेवटी ती क्वार्तेंगकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "या बाईंना विचार, त्या कुणाच्या घरच्या?"

क्वार्तेंगने घसा खाकरला. "बाई," त्याने विचारलं, "राणीमा विचारतात, तुम्ही कुणाच्या घरच्या?" आणि डोळ्यांनी तो गयावया करत होता, सांग गं पोरी, सांगून टाक.

आमच्याकडे पाहुण्याला हे विचारायची रीतच आहे. पण पोकुआला कळलं, ही रीत नव्हे. म्हातारीने भर बाजारात स्वतःचा मान बाजूला ठेवून लेकीसाठी दार उघडलं होतं. आत यायचं तेवढं बाकी होतं. टॉर्बेन भाषांतराची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने उभा होता.

"मी अक्राहून आले," पोकुआ म्हणाली.

बिरागोने मान हलवली. अशी सावकाश हलवली, जशी खालच्या थरात सडका माल निघाल्यावर हलवतात. मग ती क्रेटबद्दल बोलू लागली. पावसाळा संपेपर्यंत वापरून बघू, बायकांना आवडले तर ठेवू, म्हणाली. कामाचं सगळं कबूल केलं. एक अक्षर अडवलं नाही. अडवलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर पोकुआला किती बरं वाटलं असतं! पण ज्या बाईला तिने कागदावर अडथळा म्हटलं होतं, तिने तिचंच काम असं फुकटात करून दिलं, आणि पोकुआला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॉर्बेन मात्र खुशीने फुलून गेला होता.

निघायची वेळ झाली. आमच्यात पाहुणा नुसता उठून चालू लागत नाही, यजमानाकडे वाट मागावी लागते. आणि यजमान अर्धीच वाट देतो. उरलेली अर्धी आपल्याजवळ ठेवून घेतो, म्हणजे पाहुण्याला ती न्यायला कधीतरी परत यावंच लागतं. पढवल्याप्रमाणे टॉर्बेनने वाट मागितली.

"या दोघांना अर्धी दे," बिरागो म्हणाली. क्वार्तेंगने तसं सांगितलं. टॉर्बेनने छातीवर हात ठेवून मान लववली.

मग पोकुआने मागितली.

"यांना पुरी दे," बिरागो म्हणाली.

क्वार्तेंग तिच्याकडे वळला. "राणीमा..." तो पुटपुटला.

"पुरी दे म्हटलं ना! अर्धी ठेवून घेऊन मी काय करू?" आवाज चढला नव्हता तिचा. मांडीवरचे दोन्ही हात तेवढे एकमेकांत घट्ट धरले होते.

क्वार्तेंगने तोंड दुसरीकडे फिरवलं. "बाई," तो म्हणाला, "राणीमांनी तुम्हाला सगळी वाट दिली."

मागच्या बायकांपैकी कुणीतरी हळहळलं. पोकुआ तिथेच खिळून राहिली. गुडघे टेकावेत, पायांवर डोकं ठेवावं, रडावं, असं सगळं मनात आलं. टॉर्बेनने तिच्या कोपराला हात लावला, आणि ती त्याच्याबरोबर चालू लागली.

गाडीत बसल्यावर टॉर्बेन म्हणाला, "काय माणसं आहेत! इतक्या आपुलकीने कुणी वागवलं नव्हतं मला. पण तुला काहीतरी वेगळं म्हणाल्या ना त्या, शेवटी? काय म्हणाल्या?"

पोकुआने खिडकीची काच वर केली.

"सुखरूप जा म्हणाल्या," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला अक्राच्या रस्त्याला घ्यायला सांगितलं.