कुलूप उघडायचा मोठा जुडगा

आता काय सांगू तुम्हाला, बायकोपासून एक लहानशी गोष्ट लपवायला गेलो आणि भर बाजारात म्हैसचोर ठरता ठरता वाचलो. हसा, पण चहा सांभाळून.

एकाहत्तर साल असेल. आमच्या मंडळींच्या, म्हणजे शेवंताच्या, धाकट्या भावाचं श्रीगोंद्याला लग्न. तिचे दागिने आणि शालू ट्रंकेत. ट्रंकेला सासऱ्यांनी दिलेलं पितळी कुलूप, आणि किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात. म्हणजे असायला हवी होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चाचपून बघितलं तर खिसा रिकामा.

सगळे कोनाडे गुपचूप धुंडाळले, कुठंच नाही. शेवंताला सांगावं? ती रागावत नाही हो, ती नुसती बघते. त्यापेक्षा रागावलेली परवडते. नवऱ्याच्या वेंधळेपणामुळं बहीण भावाच्या लग्नात लंकेची पार्वती होऊन उभी राहणार, हे सासरी सांगायचं कुठल्या तोंडानं?

कुलूप फोडावं तर ती सासऱ्यांची भेट. किल्लीवाला घरी आणावा तर आळीभर डंका. मग वाटलं, आपणच शिकू की. तार घालायची, फिरवायची, त्यात काय एवढं? म्हैस बघून येतो अशी थाप ठोकली आणि घोडेगावचा जनावरांचा बाजार गाठला. तिथं एक म्हातारा किल्लीवाला पोतं अंथरून बसायचा.

त्याच्यापुढं कुलूप उघडायच्या आकड्यांचे दोन जुडगे होते. एक लहान, दोन-तीन वाकड्या तारांचा, मुठीत मावेल असा. दुसरा मोठा थोरला, लोखंडी आकड्यांचा, हात हातभर लांब. म्हातारा म्हणाला, नव्या माणसानं लहानच न्यावा. पण मी कसला ऐकतोय? जितके आकडे जास्त तितकी अक्कल कमी लागेल, असा माझा हिशेब. मोठा उचलला.

तो खिशात मावेना. म्हणून सदऱ्याच्या बाहीत सरकवला. तेवढ्यात मागून हाक आली, "जावईबापू, तुमी हितं?"

शेवंताचे मामा! आता ह्यांना काय सांगणार? बायकोला मारलेली थापच पुन्हा मारली, की म्हैस बघायला आलोय. मामांना कोण आनंद झाला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढत एका म्हैसवाल्यापुढं नेलं.

तुम्हाला जनावरांचा सौदा ठाऊक आहे ना? भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून काय ते ठरवायचं, जितकी बोटं जास्त तितका भाव जास्त. मामांनी माझा हात उपरण्याखाली कोंबला. नेमका आकडेवाला.

म्हैसवाल्यानं तीन बोटं दाबली. मी हात सोडवायला गेलो, तर बाहीतला जुडगा घसरून तळव्यात आला आणि एक आकडा कचकन टोचला. मी कळवळून त्याची बोटं आवळली. त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. एक बोट कमी करून पुन्हा दाबलं, पुन्हा टोचलं, पुन्हा मी आवळली, आणि दर वेळी आधीपेक्षा एखादं बोट जास्तच. मामा नुसते मिशीत हसत होते, जावई दिलदार निघाला म्हणून.

शेवटी म्हैसवालाच काकुळतीला आला. "पाव्हणं, मी उतरतोय अन् तुमी चढताय. म्हैस घ्यायची हाय का दान करायचं हाय?"

असं म्हणून त्यानं उपरणं काढलं. आणि सगळ्यांदेखत जुडगा खाली पडला, खळ्ळकन.

म्हशीच्या गळ्यात साखळी, साखळीला कुलूप. मागच्याच बाजारात कुणीतरी असंच कुलूप काढून कुणाची तरी म्हैस नेली होती. मग काय, भोवती माणसं जमली. मामा तर दोन पावलं मागंच सरकले, जणू आमची ओळखच नव्हती. मी ट्रंक, किल्ली, शेवंता, सगळं भडाभडा सांगितलं. विश्वास कुणाचाच बसेना. एकानं तर दोरी आणायला सांगितली.

अखेर किल्लीवाल्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं जुडगा बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "सोडा ह्याला. चोर असता तर लहान जुडगा घेतला असता."

एवढं पटलं बघा लोकांना. मूर्ख ठरल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मामा मला पोचवायला घरी आले, आणि दारातच सगळं शेवंताला सांगून मोकळे झाले. ती माझ्याकडं बघत राहिली. तेच ते बघणं. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली काढली.

"परवा सदरा धुताना काढून घेतली. तुमच्या खिशात ऱ्हायली असती तर खरंच हरवली असती."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! रागावणार कोणावर, आणि कशाला? दागिने निघाले, शालू निघाला. लग्नात शेवंता नुसती मिरवत होती, आणि मामा मांडवभर म्हशीचा सौदा सांगत होते.

लग्नाहून आल्यावर तिनं दागिने ट्रंकेत ठेवले, त्याखाली माझा जुडगा ठेवला आणि कुलूप लावून किल्ली पुन्हा पदराला बांधली. ट्रंक अजून आहे, कुलूपही तेच. जुडगा हवा असला तर मी केव्हाही काढून घेऊ शकतो. फक्त तेवढं कुलूप उघडता यायला हवं.