तेलाचा हात

“थोडं तेल दिलं की कुरकुर जाती,” असं म्हणत आमचे शेजारचे काका खिशातून तेलाची छोटी बुधली काढायचे. नागापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी गल्ली तेलात ठेवली. फाटकं, झोपाळे, शिलाई मशिनं. एकदा देवळाच्या घंटेकडेही वळले होते. पुजाऱ्यांनी हात जोडले तेव्हा थांबले. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल, तर त्याला गाडीच्या बॉनेटपासून जरा लांब ठेवा.

माझ्या गाडीला इंजिनात जाणारी हवा गाळायला, धुऊन, तेल लावून पुन्हा वापरायचा कापडी एअर फिल्टर होता. काकांच्या लेकीला मुलगी झाली आणि बारशाला कोपरगावला माझ्याच गाडीतून जायचं ठरलं. आदल्या दिवशी काकांनी फिल्टर धुतला, वाळवला आणि त्याला मनापासून तेल पाजलं.

राहुरी मागे पडली आणि गाडी आचके द्यायला लागली. देवळाली प्रवरापाशी तर उसाचे ट्रॅक्टरही आम्हाला मागे टाकू लागले. बारसं दुपारी होतं. काकू अंगडं-टोपडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काका पेट्रोलला नावं ठेवत होते.

तिथल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर जोडला. इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या सेन्सरवर त्याला संशय आला. त्याने सेन्सरचा प्लग काढून गाडी चालू केली, तर ती शांत चालली. मग सेन्सर सोडवून उन्हात धरला. आतल्या केसाएवढ्या तारेवर हवेबरोबर ओढून आलेल्या तेलाचा थर चमकत होता. फिल्टरला तेल कुणी लावलं, असं त्याने विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. काकू रस्त्याकडे बघायला लागल्या.

“म्या लावलं,” काका म्हणाले. “लई लावलं.” आणि तेच आधी हसत सुटले. मग काकू हसल्या, गॅरेजवालाही हसला.

तारेला बोट लावायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. म्हणून तेल काढायचा फवारा मारलेला सेन्सर वाळेपर्यंत काका हात पाठीमागे बांधून उभे राहिले. नवा कागदी फिल्टर बसवून आम्ही निघालो. तुम्ही आल्याशिवाय नाव ठेवणार नाही, असा लेकीचा फोन आला. मग काका मागे पडणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात करत सुटले.

आता काका-काकू कोपरगावलाच राहतात. मला आठवतात ते त्या दुपारचे काका, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन पाळण्यापाशी उभे असलेले. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी ‘कुर्र’ करत एकच गलका केला आणि काकांना काही ऐकूच आलं नाही. ते पाळण्यावर वाकले आणि त्यांनी नातीलाच हळूच विचारलं, “काय म्हनली गं तुझी आत्या?”