लाल फडकं बांधणारे आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडणार नाही, असं मी वीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो. लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, कंपनीच्या वार्षिक जेवणात तर माईक हातात घेऊन, त्यांची नक्कल करून सांगितलं. लोक पोट धरून हसायचे. साडूही हसायचे. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसणार, पण मी पडलो धाकटा साडू आणि चारचौघांत माझा पचका करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कधी सांगितलं नाही. त्याला कोणी हसलं नसतं.

ते कोलशेतच्या एका काँक्रीट प्लँटवर मेकॅनिक होते. मला तिथे चिकटवलं त्यांनीच. मी स्टोअरचा कारकून म्हणून लागलो आणि गोड बोलत बोलत प्लँटचा इन्चार्ज झालो. ते राहिले तिथेच, पत्र्याच्या शेडमध्ये, चार चिपिंग हॅमरच्या संसारात. काँक्रीट वाहणाऱ्या गाडीचा तो फिरणारा ड्रम असतो ना, त्याच्या आतल्या बाजूला उरलंसुरलं काँक्रीट चिकटून दगड होतं. ते फोडायला एक माणूस आत उतरतो आणि हवेवर चालणाऱ्या या हातोड्याच्या तोंडात छिन्नी बसवून तासन् तास ठोकत बसतो. साडू हे चार हातोडे रोज संध्याकाळी उघडायचे, रॉकेलने धुवायचे, वाळवायचे, तेल घालून परत बसवायचे. जोडण्याआधी पाइप फुंकून घ्यायचे, म्हणजे आतला कचरा हातोड्यात जाऊ नये. आमच्या थोरल्या मेव्हणीबाई म्हणायच्या, "माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाही या माणसानं, त्या लोखंडाला मात्र रोज घालतात."

हातोडा न्यायला आलेल्याला आधी पाठ म्हणून दाखवावा लागे. आत छिन्नी बदलायची झाली तर काय करशील? "हवा बंद. ट्रिगर दाबून पाइपात उरलेली हवा सोडायची. पाइप काढायचा. मग छिन्नीला हात." क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा पंधरा वर्षं हेच काम केलेले बाप्ये हात मागे बांधून हे म्हणायचे, आणि मगच साडू करगोट्याला बांधलेल्या किल्लीने कपाट उघडून हातोड्याबरोबर चष्मा आणि कानातली बुचं काढून द्यायचे. एकाने एकदा हवेचा पाइप अंगावर धरून शर्टाची धूळ उडवली, तर साडू त्याला गेटपर्यंत शिव्या देत गेले. ज्या हातोड्यात काही खोट असेल त्याला ते मेव्हणीबाईंच्या जुन्या लाल लुगड्याचं फडकं बांधायचे. ती गाठ त्यांनीच सोडायची, दुसऱ्या कोणी नाही. साक्षात मालक आले तरी नाही.

घरीही तेच. गणपतीत नारळ फोडायला बसले की डोळ्यांवर कामाचा चष्मा. गुरुजी आरती थांबवून बघत राहायचे. कुकरची वाफ पुरती गेल्याशिवाय झाकणाला कोणी बोट लावायचं नाही, मग पाहुणे भुकेने व्याकूळ होऊन बसलेले असोत. "अहो, वरणभात आहे, सुतळी बॉम्ब नाही," मेव्हणीबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या. एकदा प्लँटच्या जमिनीच्या मालकांकडे, म्हणजे तिथल्याच जुन्या आगरी घरात, हळद होती. डीजे असा की छाती हादरत होती. साडू पंगतीत बसले ते कानात बुचं घालून. घरातल्या म्हाताऱ्याने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांदा हलवून ओरडला, "काय रं, आयकू येत नाय का तुला?" साडूंनी एक बूच काढलं आणि म्हणाले, "अजून येतं. म्हणून तर घातलीत." हा माझा हुकमी किस्सा होता. हा सांगून मी दोन बढत्या मिळवल्या म्हटलं तरी चालेल, कारण वरच्या साहेबांना तो फार आवडायचा.

आता पुढचं सांगतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

एका हातोड्याची, छिन्नी धरून ठेवणारी स्प्रिंग झिजली होती. ती गेली की छिन्नी तोंडातून सुटून गोळीसारखी जाते. साडूंनी फडकं बांधून तो हातोडा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे नवी स्प्रिंग मागितली. मी "बघतो" म्हणालो. तीन आठवडे ते मागत होते, तीन आठवडे मी बघत होतो. शेवटी एके दिवशी रजा टाकून ते स्वतःच कल्याणला स्प्रिंग शोधायला गेले. नेमकी त्याच दिवशी माजिवड्याच्या एका टॉवरच्या स्लॅबची ऑर्डर आली. सगळ्या गाड्या हव्या होत्या, दोन ड्रम तुंबलेले होते आणि साडूंनी जाण्याआधी देऊन ठेवलेले तीन हातोडे पुरत नव्हते. मी शेडमध्ये गेलो आणि ती गाठ माझ्या हाताने सोडली. सुदाम नावाचा आमचा चिपिंगवाला बाजूला उभा होता. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. तो चाचरत म्हणाला, "साहेब, फडकं होतं ना त्याला?"

"अरे, ते त्यांचं नेहमीचंच आहे," मी म्हणालो. आणि वर साडूंची नक्कलही करून दाखवली. सुदाम हसला आणि हातोडा घेऊन ड्रममध्ये उतरला. चष्मा कपाटात होता आणि किल्ली कल्याणला. अर्ध्या तासाने छिन्नी सुटली, ड्रमच्या पत्र्यावर आपटून उलटी आली आणि सुदामचा डावा डोळा गेला.

चौकशीला हेड ऑफिसातून दोघे आले. साडू शांतपणे म्हणाले, "मी फडकं बांधून ठेवलेलं. ते सोडलं कोणी, ते यांना विचारा." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. मी नुसता मान तिरकी करून म्हणालो, "सर, त्यांचं ते फडकं... तुम्हाला माहीतच आहे." त्यांतल्या एकाने वार्षिक जेवणात माझी नक्कल पाहिली होती. त्याला हसू आलं, त्याने ते रुमालात दाबलं, आणि चौकशी तिथेच संपली. सुदाम दवाखान्यात होता, त्याला कोणी विचारलं नाही. नादुरुस्त हातोडा उघड्यावर ठेवला आणि चष्मे कुलपात ठेवले, असा ठपका ठेवून साडूंना घरी पाठवलं. कागदावर खाली सही माझी होती. वीस वर्षं मी या माणसाला हास्यास्पद करून ठेवला होता, म्हणून त्याचं खरं कोणाला खरं वाटलं नाही. मी हलकट आहे, हे मला त्या रुमालाकडे बघताना कळलं. पण कळूनही मी तोंड उघडलं नाही.

चार महिन्यांनी मी विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी गेलो. शेजारणीचा मिक्सर उघडून बसले होते, प्लग काढून समोर दिसेल असा ठेवलेला. दुसऱ्या कुठल्या प्लँटवर त्यांना कोणी उभं करत नव्हतं. या माणसाच्या हातून एकाचा डोळा गेला, असं सगळीकडे पसरलं होतं. मेव्हणीबाईंनी चहा समोर ठेवला आणि लगेच आत गेल्या. साडूंनीच विषय काढला. दर गुरुवारी ते सुदामला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातात म्हणे. उजवा डोळा चांगला आहे, काळजीचं कारण नाही, असं मलाच धीर दिल्यासारखं सांगितलं.

मग वहीतला एक कागद फाडून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "चार ओळी लिहून दे. फडकं बांधलेलं होतं, एवढंच लिही. सोडलं कोणी ते नको लिहूस. तुझी पोरगी लग्नाची आहे."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. "उद्या देतो, साडूभाऊ. नीट लिहून देतो."

त्यांनी मान हलवली. बाहेरपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "सांभाळून उतर रे, दुसऱ्या पायरीची कड तुटलीये." मी कठडा धरून उतरलो. खाली पोचून वर पाहिलं तर ते अजून उभेच होते, माझ्या पायांकडे बघत. मला रडू आलं. वर जावं, तिथेच बसून लिहावं, असं फार वाटलं.

त्याला आता सात महिने झाले. त्यांच्याविषयी एवढं सगळं मी आज एका बैठकीत लिहून काढलं. त्या चार ओळी काही होत नाहीत.